रोज पुसायचा फळा

रोज लिहिणारी माणसं जगात पुष्कळ असतील, आणि रोज लिहितो असं सांगणारी त्याहून जास्त. पण रोज लिहून ते रोज पुसून टाकणारा लेखक मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. हिचे मामा घोडपदेवला राहतात. त्यांना लेखक म्हटलेलं आवडत नाही. 'लेखक बसून लिहितो, मी उभ्याने लिहितो,' असं ते म्हणतात, आणि हा भेद त्यांना इतका पुरेसा वाटतो की पुढे काही समजावून सांगण्याची गरज त्यांना भासत नाही. कॉटन ग्रीनच्या एका कापसाच्या गोदामात त्यांनी कारकुनी केली, तिथून निवृत्त झाले, दोन मुलींची लग्नं लावली, एक गुडघा बदलून घेतला. पण यातलं काहीही त्यांच्या मते त्यांच्या चरित्रात येत नाही. त्यांचं चरित्र सुरू होतं ते चाळीच्या जिन्याखालच्या तीन बाय चारच्या फळ्यापासून.

त्या चाळीत सकाळी सहाला पाणी यायचं आणि साडेसहाला जायचं. पावणेसातला, म्हणजे ओरडून ओरडून चाळ जरा दमली की, मामा आंघोळ करून खाली उतरत. खांद्यावर दोन फडकी, एक ओलं आणि एक कोरडं. आधी ओल्याने कालचा मजकूर पुसायचा, मग कोरड्याने, मग फळा वाळेपर्यंत डोळे मिटून उभं राहायचं आणि मग लिहायचं. खडू आदल्या दिवसापासून साखरेच्या पाण्यात भिजत घातलेले असत. त्याने अक्षर ठळक उठतं, हे खरं आहे; पण साखरेमुळे अक्षरांना मुंग्या लागत आणि दुपारी जिन्याच्या पायथ्याशी उभं राहिलं की सुविचार हळूहळू डावीकडून उजवीकडे चालू लागल्यासारखा दिसे, हेही खरं आहे. सुविचार मात्र अस्सल त्यांचा. मोठ्या माणसांची वचनं उतरवून काढायला ते कधी तयार झाले नाहीत. 'ते मोठे गृहस्थ आपल्या चाळीत राहिलेत काय? इथे काय लागतं ते त्यांना काय ठाऊक?' असा त्यांचा सवाल होता. त्यामुळे फळ्यावर यायचं ते असं: 'जिन्यात उभे राहून दुसऱ्याविषयी बोलू नये. जिन्यात आवाज वर जातो.' किंवा, 'पहिल्या मजल्यावर कोणीतरी बांगडे तळताना दार उघडे ठेवतो. त्याने ते तसेच ठेवावे.' एकदा, 'ज्याचे सगळेच बरोबर असते त्याच्याकडे कोणी चहाला जात नाही.' आणि ज्या दिवशी काहीच डोक्यात येत नसे त्या दिवशी, 'आज सुचले नाही.' खाली तारीख आणि सही. नऊ ओळींच्या वर मजकूर कधी गेला नाही, कारण दहावी ओळ लाकडी चौकटीवर आली असती. फळा कोरा मात्र कधी राहिला नाही.

चाळीत कोणी गेलं की सुविचार बंद. मयताची सूचना मामाच लिहीत आणि तेराव्यापर्यंत ती कोणी पुसायची नाही, तिच्याशेजारी दुसरं काही लिहायचंही नाही, असा त्या चाळीचा रिवाज होता. चौदाव्या दिवशी सकाळी, ज्या घरातलं माणूस गेलं त्या घरातल्या कोणीतरी खाली यायचं, मामांच्या हातून फडकं घ्यायचं आणि ती सूचना स्वतःच्या हाताने पुसायची. पुसायचा मान घरच्यांचा. ते पुसेपर्यंत मामा खडूला हात लावत नसत, आणि 'या हो, पुसा' असं बोलावणंही धाडत नसत. दुःख कोणाचं किती दिवसांचं आहे ते आपण कोण सांगणार, असं त्यांचं म्हणणं. सूचनेतसुद्धा खोटं लिहिणं त्यांना जमायचं नाही. 'खोली क्रमांक एकोणीसमधले गृहस्थ काल गेले. बोलायला कठीण होते. पण पाणी आल्याची पहिली हाक तेच मारत. उद्यापासून आपापले उठावे,' हे मी लग्नानंतर पहिल्यांदा त्या चाळीत गेलो तेव्हा वाचलं आणि जिन्यातच थबकलो. त्या एकोणीस नंबरवाल्याच्या दोन मुलांचं मग पुसण्यावरून भांडण झालं. थोरल्याने उजवी बाजू पुसली, धाकट्याने डावी, आणि मधोमध 'बोलायला' एवढा एकच शब्द राहिला. तो कोणाच्या वाटणीचा हे ठरायला तीन दिवस गेले. तीन दिवस मामा रोज पावणेसातला खडू घेऊन खाली येत, तो शब्द बघत आणि वर जात.

फळ्याला अडतीस वर्षं झाली तेव्हा चाळ पाडली आणि तिथे टॉवर उभा राहिला. मामांना सतराव्या मजल्यावर घर मिळालं, खाली काचेचं दार आणि संगमरवरी भिंत मिळाली. फळा मिळाला नाही. 'काका, आता ग्रुप आहे ना, तिथे टाका,' असं नव्या सेक्रेटरीने सांगितलं. मामांनी सोसायटीच्या ग्रुपवर आठ दिवस लिहिलं. पण मामांची ओळ उमटते न उमटते तोच तिच्यावर गुलाबाची फुलं, उगवता सूर्य, लिफ्टची तक्रार, कोणाच्या तरी नातवाचा वाढदिवस असं येऊन पडे. आठव्या दिवशी ते ग्रुपमधून बाहेर पडले. 'ज्या फळ्याशी प्रत्येकाच्या हातात खडू असतो तो फळा नव्हे,' त्यांनी हिला सांगितलं, 'ती मुतारीची भिंत.' ही तेव्हा हसली, आणि त्या रविवारी तिने मामांच्या फोनवर त्यांच्या मालकीचं एक पान काढून दिलं. इंटरनेटवर, जगातल्या कोणालाही वाचता येईल असं. पण लिहिणार फक्त मामा. नाव ठेवलं 'आजचा फळा'. मामांनी पानाच्या चारी कडा नीट बघून घेतल्या आणि विचारलं, "बाय, याची चौकट कुठे संपते?"

"संपत नाही रे, मामा."

"मग नववी ओळ कळणार कशी?"

तिने त्यांना नऊ ओळी मोजून दाखवल्या. पुढे त्यांच्या थोरल्या जावयाने मोठ्या काचेचा फोन आणून दिला तेव्हा तोच मजकूर सहा ओळींत बसू लागला आणि मामा आठवडाभर अस्वस्थ होते. आपल्याला कमी सुचायला लागलं की काय, अशी त्यांना शंका आली होती.

लिहायची रीत मात्र बदलली नाही. मांडीवर आडव्या ठेवलेल्या वस्तूवर त्यांना लिहिता येत नाही, म्हणून त्यांनी हॉलच्या भिंतीवर डोळ्यांच्या उंचीला एक फळी ठोकून घेतली आणि तिच्यावर फोन उभा केला. पावणेसातला आंघोळ करून, दोन फडकी घेऊन ते त्या फळीपुढे उभे राहतात, उजव्या हाताच्या एका बोटाने लिहितात, आणि लिहून झालं की हात झटकतात. खडू नसला तरी झटकतात. पहिल्याच महिन्यात त्यांनी लिहिण्याआधी फोन ओल्या फडक्याने इतका मनापासून पुसला की तो जो मिटला तो उघडेचना. मी त्यांना घेऊन लालबागला दुरुस्तीच्या दुकानात गेलो. दुकानदाराने मागचं झाकण उघडलं, आतलं पाणी आम्हाला दाखवलं आणि विचारलं, "चाचा, पानी में गिरा क्या?"

"गिरा नहीं," मामा शांतपणे म्हणाले, "पुसा."

पण फोन पुसणं हे काहीच नव्हे. खरी पंचाईत कालच्या मजकुराची होती. नवं लिहिण्याआधी मामा कालचं काढून टाकत. बोट दाबून धरायचं, 'खरंच काढू का?' असं फोन विचारतो, त्याला हो म्हणायचं. रोज. ही कळवळून सांगायची, "मामा, तिथे जागा संपत नाही रे. तू वर लिहीत जा, जुनं आपोआप खाली सरकतं."

"खाली जाऊन काय करतं?"

"काही नाही. राहतं."

"मग पुसलेलं काय वाईट? निदान हात तरी हलतो."

"अरे, पण लोकांना मागचं वाचायचं असतं."

"मागचं वाचायला लोक मागच्या दिवशी का आले नाहीत?" असा त्यांचा बिनतोड प्रश्न असायचा, आणि वर एक ठरलेलं वाक्य. "हे बघ बाय, फळ्यावर कालची तारीख दिसली की त्याचा एकच अर्थ होतो. लिहिणारा गेला."

आणि गंमत अशी की या आडमुठेपणानेच त्यांना वाचक मिळाले. सुरुवातीला अकरा होते, त्यातले सहा आम्ही नातेवाईक. पण हळूहळू लोकांच्या लक्षात आलं की हे म्हातारबुवा उद्या सकाळी हे पुसणार आहेत. 'वाचू निवांत' म्हणून बाजूला ठेवायची सोयच नव्हती. परळची माणसं वाचू लागली, मग दादरची, मग ज्यांनी घोडपदेव कधी पाहिलं नाही अशी. दुबईची एक बाई तर त्यासाठी गजर लावायची. वाचक वाढले याचा आनंद ही आकडा सांगून व्यक्त करी, पण मामांना आकड्यात रस नव्हता. त्यांना ही माणसं कुठल्या मजल्यावरची ते हवं असायचं. कोणी खाली चार कौतुकाचे शब्द लिहिले की मामांचं उत्तर एकच, 'आभार. खोली क्रमांक?' निम्मे लोक गोंधळून गप्प बसत. दुबईच्या बाईंनी मात्र इमारतीचं नाव, मजला आणि फ्लॅट क्रमांक व्यवस्थित लिहून पाठवला. त्यांना मामांच्या मनात कायमचं मानाचं स्थान आहे. पहिली वाचक मात्र ही. पावणेसातला मामा लिहीत आणि सात वाजायच्या आत, गिरगावात आमच्या स्वयंपाकघरात उभी राहून, एका हाताने चहा ढवळत, ही खाली एकच शब्द लिहायची: 'वाचलं.' तो शब्द दिसला की मामा फळीवरून फोन उतरवत आणि पोहे खायला बसत.

मी स्वतः गिरगावातल्या एका जुन्या वाचनालयात ग्रंथपाल होतो. निवृत्तीनंतर त्या वाचनालयाच्या आठवणी लिहायच्या, असं मी ठरवलं होतं आणि त्याचं पहिलं वाक्य सात वर्षं फिरवत होतो. मामांना ही करमणूक पुरत असे. "जावईबापू, वाक्य कुठवर आलं?" असं ते दर भेटीत विचारत, जणू वाक्य गावाहून निघालं आहे आणि वाटेत कुठेतरी अडकलं आहे. शेवटी हिने एके दिवशी दादरला 'रोज लिहा, ऑनलाइन वाढा' असं एक दिवसाचं शिबिर होतं त्यात माझं नाव घातलं, आणि मी पळून येऊ नये म्हणून सोबत मामांचं.

शिबिर घेणारा तरुण चांगला होता. गालापाशी माईक, मागे पांढरा फळा. फळा पाहताच मामा पुढच्या रांगेत जाऊन बसले. तरुणाने सांगितलं की एकवीस दिवस सलग लिहिलं की लिहिण्याची सवय लागते. मामांनी हात वर केला.

"काका, बोला."

"बाविसाव्या दिवशी काय करायचं?"

"बाविसाव्या दिवशी… लिहायचंच, काका."

"मग एकवीस कशाला मोजायचे?"

हॉल हसला. तरुणही हसला. त्याने विचारलं, "काका, तुम्ही लिहिता वाटतं. किती दिवस सलग?"

मामांनी मनात बेरीज केली. "तेव्हाचे आणि आताचे धरून चव्वेचाळीस वर्षं. मयताचे दिवस सोडून."

हॉल हसायचा थांबला. तरुणाने जरा सावरून विचारलं, "मग कधी काहीच सुचत नाही, असं होत नाही?"

"बहुतेक दिवस तसंच होतं. त्या दिवशी 'आज सुचले नाही' असं लिहायचं. लोकांना बरं वाटतं. त्यांनाही त्या दिवशी काही सुचलेलं नसतं."

मग पहिल्या ओळीत हूक हवा, वाचकाला खेचून घ्यायला, असं तो सांगू लागला तेव्हा मामांनी पुन्हा हात वर केला आणि आपल्या गोदामातल्या अनुभवाने सांगितलं की हूक कापसाच्या गाठीला लावतात. माणूस आपल्या पायाने येतो, त्याला फक्त उभं राहायला जागा द्यायची. हे सगळं ठीक होतं. पण जेवणाची सुट्टी झाली, सगळे बाहेर गेले, आणि मी हात धुऊन परत येतो तर मामांनी तो पांढरा फळा लख्ख पुसून ठेवला होता. त्यावर लेखनाची पाच सूत्रं होती. "शिकवून झालं होतं की," मामा म्हणाले, "तसाच कसा सोडायचा?" दुपारी त्या बिचाऱ्याला स्वतःची तीनच सूत्रं आठवली. दुसऱ्या दिवशीच्या 'आजच्या फळ्या'वर मजकूर होता: 'काल दादरला एका गृहस्थांनी रोज कसे लिहावे ते दिवसभर सांगितले. त्यात त्यांचा लिहायचा दिवस गेला याचे वाईट वाटते.'

शिबिराचा माझ्यावर परिणाम झाला नाही हे पाहून मामांनी त्या दसऱ्याला माझ्यासाठी एक पाटी आणली. पाटीपूजनाला मुलांना आणतात तशी, खरी दगडी, लाकडी चौकटीची. "कागदाने माणूस भित्रा होतो," ते म्हणाले. "कागदावरचं राहणार, म्हणून तुम्ही घाबरता. यावर काय वाटेल ते लिहा. उद्या पुसायचंच आहे." मी ती पुस्तकांच्या कपाटात उभी करून ठेवली. थोड्या दिवसांनी हिने ती स्वयंपाकघरात नेली, आणि आमच्या घरात त्या पाटीवर जे काही रोज लिहिलं गेलं ते हिने लिहिलं. कोथिंबीर, चहापूड, गिरणीतून पीठ.

गेल्या वर्षी ही गेली. आजार थोडा होता आणि दिवसही थोडे मिळाले. त्याविषयी मला अजून नीट लिहिता येत नाही, म्हणून ते इथेच ठेवतो. तेरा दिवस मामा रोज घोडपदेवहून गिरगावला येत, दाराजवळच्या खुर्चीवर बसत, चहा घेत आणि जात.  वाक्य कुठवर आलं हे मात्र त्यांनी एकदाही विचारलं नाही. चौदाव्या दिवसापासून ते आले नाहीत, आणि मलाही कोणी आलं नाही तर बरंच वाटत होतं. फोन मी कपाटात टाकला होता, तो कोणाचा आला तरच उचलायचा. पाटी ओट्यावर भिंतीला टेकून होती तशीच होती. तिच्यावर हिच्या अक्षरात तीन ओळी होत्या: कोथिंबीर. खोबरं. मामाला फोन. तिला पाणी लागू नये म्हणून मी भांडी दुसऱ्या बाजूला घासत होतो.

चार महिने असेच गेले. मग एका सकाळी मामींचा फोन आला. मामी सावंतवाडीकडच्या, आणि फोनवर तर त्या मालवणीशिवाय दुसरं काही बोलतच नाहीत.

"जावयबापू, तुमका म्हायत आसा काय, ह्यांनी लिवणा बंद केलानी ता?"

मला माहीत नव्हतं.

"रोज उठतत, आंघोळ करतत, त्या फळयेपुढे उभे रवतत. आणि मगे फोन तसोच खिशात घालतत. जेवणाकडे लक्ष नाय. माका काय सांगणत नाय. लोकांनी त्यांका श्रद्धांजलीसुदिक वाहिली."

हे शेवटचं खरंच घडलं होतं. 'आजच्या फळ्या'वर चार महिने एकच तारीख दिसत होती, आणि कालच्या तारखेचा अर्थ काय होतो हे मामांनीच आपल्या वाचकांना अनेकदा लिहून सांगितलेलं होतं. आधी लोकांनी 'काका, बरे आहात ना?' असं विचारलं. मग कोणीतरी 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं, आणि त्याच्या खाली हात जोडलेल्यांची रांग लागली. मामांनी ते सगळं वाचलं होतं. मामींनी त्यांना म्हटलं की निदान 'मी जिवंत आहे' एवढं तरी लिहा. त्यावर ते म्हणाले, "खडूला हात कसा लावू? अजून पुसलेलं नाही."

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी ओट्यावरच्या पाटीकडे पाहिलं. तिसरी ओळ चार महिने माझ्यासमोर होती आणि ते काम मी केलेलं नव्हतं.

त्याच दिवशी मी बस पकडून घोडपदेवला गेलो. सतराव्या मजल्यावर मामांनीच दार उघडलं. मला पाहून त्यांना आश्चर्य वाटलं नाही. उलट, उशिरा आलेल्या पाहुण्याला जसं फार विचारत नाहीत तसं काही न विचारता ते आत गेले आणि कोरडं फडकं घेऊन आले. फोन त्यांनी फळीवर उभा केला, फडकं माझ्या हातात दिलं आणि दोन पावलं मागे सरले. मामी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

मी पहिल्यांदाच तो मजकूर वाचला. चारच ओळी होत्या.

'माझी भाची काल गेली. हा फळा तिने बांधून दिला होता. रोज पहिली तीच वाचत असे. उद्यापासून आधी कोण वाचणार, ते कळवावे.'

खाली तारीख आणि सही.

मी काच पुसली. त्यावर धूळ नव्हती, पण हातात फडकं होतं.

"पुसा, जावईबापू," मामा मागून म्हणाले. "बोट दाबून धरा. ते विचारील, हो म्हणा."

"पुसायचा मान कोणाचा, मामा?"

"तुमचा. हे काय विचारणं झालं?"

"मग मी नाही पुसत."

मामींनी पदर तोंडाला लावला. मामा पुढे आले. "असं नसतं. त्या एकोणीस नंबरवाल्यांनीसुद्धा पुसलं शेवटी. घरच्यांनी पुसल्याशिवाय फळा मोकळा होत नाही. मग मी लिहू कुठे?"

"वर लिहा. ही काय सांगायची तुम्हाला? तिथे जागा संपत नाही. तुम्ही वर लिहा, ती खाली सरकेल."

"किती खाली?"

"जेवढं तुम्ही लिहाल तेवढी."

मामांनी हिशोब केला. लिफ्टच्या दारावरच्या दिव्यांकडे बघावं तसं ते वर बघत होते. "रोज एक मजला धरला तर वर्षात कुठल्या कुठे जाईल ती," ते म्हणाले. "हाक मारली तरी ऐकू येणार नाही."

 मी त्यांना घरच्या पाटीबद्दल सांगितलं, कोथिंबीर, खोबरं आणि तिसरी ओळ. ती अजून पुसली नाही हेही सांगितलं. ते ऐकून घेत फडकं माझ्या हातातून काढून त्यांनी खांद्यावर टाकलं, आणि मामींना म्हणाले, "जावईबापूंना पोहे तरी दे." विषय तिथेच संपला असं मला वाटलं. मी पोहे खाल्ले आणि गिरगावला परत आलो.

दुसऱ्या दिवशी मी फोन कपाटातून बाहेर काढून ओट्यावर ठेवला. पावणेसातला 'आजच्या फळ्या'वर मजकूर आला: 'मी जिवंत आहे. ज्यांनी हात जोडले त्यांचे आभार. त्यांनी ते आता सोडावेत.' खाली हिच्यावरच्या त्या चार ओळी होत्या. मी बराच वेळ बघत राहिलो. सात वाजून गेले. सात वाजून पाच मिनिटांनी फोन वाजला.

"जावईबापू," मामा म्हणाले, "कोणी कळवलं नाही अजून. पोहे गार होतायत."

मी घाईघाईने ते लिहिलं. 'वाचलं.'

तिसऱ्या दिवशी मी बघितलं तर आदल्या दिवशीचं 'मी जिवंत आहे' पुसलेलं होतं. वर नवा मजकूर, सतराव्या मजल्यावरच्या कावळ्याविषयी, आणि लगेच खाली ही. चौथ्या दिवशी कावळा गेला आणि लिफ्टमध्ये गप्प उभं राहणाऱ्या लोकांवर नऊ ओळी आल्या, खाली ही. तेव्हा मला कळलं की मामांनी आपला नियमही सोडला नाही आणि हिलाही नाही. स्वतःचं ते रोज पुसतात. तिचं पुसायचा मान त्यांचा नाही. त्या पानावर आता कायम दोनच मजकूर असतात.

हे एवढं लिहायला मला तीन आठवडे लागले. हिने माझ्यासाठी आणून ठेवलेल्या वह्यांपैकी पहिलीच वापरली. मामांना सांगितलं तर म्हणतील, तीन आठवड्यांत चाळीच्या फळ्यावर एकवीस सुविचार झाले असते आणि दोन मुंग्यांनी खाल्ले असते. म्हणतील आणि मग हळूच विचारतील, नऊ ओळींत बसतं का. बसत नाही. पण रोज सकाळी पावणेसातला मी ओट्यापाशी उभा असतो, एका हाताने चहा ढवळत. मामांचं वाचतो, खाली तो एक शब्द लिहितो. मग अंगठ्याने पान जरासं वर सरकवतो. फार नाही. एक मजकूर वर सारला की ती येते.